ब्लॉकचं तिसरं भोक

मांडवगण फराट्याच्या आप्पांनी ट्रॅक्टरचं इंजिन खोलून त्याचा बिडाचा ब्लॉक दौंडला माझ्या दुकानात आणून टाकला, तेव्हा माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले होते. इंजिनचं झाकण, म्हणजे हेड, आवळायच्या स्टडची, उभ्या बोल्टांची, तीन भोकं बाद झाली होती. आटे गेले म्हणून कुणा शहाण्यानं त्यात आटे पाडायचा मोठा टॅप फिरवला होता, तोही वाकडा. आता ती भोकं आणखी मोठी करायची, त्यात आट्यांचे बिडाचे प्लग घट्ट बसवायचे, वरून सपाट करायचे आणि प्लगच्या पोटात मूळ मापाचं भोक पुन्हा पाडायचं. चाळीस वर्षं हेच करत आलोय. ब्लॉक मशिनखाली मावत नाही, म्हणून हातातल्या ड्रिलनं, शेजारी काटकोन तपासायचा गुण्या उभा करून, त्याच्या कडेवर नजर ठेवून.

बायकोला सांगून ठेवलं होतं, "हा ब्लॉक जमला तर दुकान ठेवायचं. न्हाई तर शटर ओढून घरी बसायचं."

"बसा की. कुणी धरलंय?" ती म्हणाली. तिला वाटलं, मी भाव खातोय.

पहिली दोन भोकं चांगली आली. तिसऱ्याला दमलो. हात नाही दमले. बघून बघून दमलो. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला लख्ख दिसतं, दुसऱ्याला पिवळट, आणि दोघांचं आपसात पटत नाही. टॅप मारला, स्टड बसवला, गुण्या लावला. खाली चिकटला, वर नख जाईल एवढी फट. गुण्या पुसून पुन्हा लावला. फट तिथंच. आधी गुण्यावर चिडलो, मग स्वतःवर.

गुरुवारी सुट्टीला मुलगी घरी आली. ती सणसवाडीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेले पार्ट मोजायचे आणि चुकलेले बाजूला काढायचे, हे तिचं काम. मी तिच्या हातात गुण्या दिला. तिनं मला चार शब्द सुनवावे, अशी माझी खरोखर इच्छा होती.

तिनं तिन्ही स्टड तपासले. तिसऱ्यापाशी जरा जास्त वेळ वाकून राहिली. मग गुण्या खाली ठेवून म्हणाली, "चालतंय, पप्पा. दोन ठोक्यांत हेड बसंल."

"कंपनीत पास केला असतास?"

तिनं हाताचं तेल पुसलं. मग म्हणाली, "न्हाई."

"मग मला कशाला करतीस?"

"तुम्ही लई दमलाय म्हणून."

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. परक्याचा माल तिनं बाजूला काढला असता. बापाचा होता म्हणून दया आली. मी तिथल्या तिथं ड्रिल उचललं आणि तो प्लग कोरून काढायला लागलो. भोक आणखी मोठं करायला जागा नव्हती. पलीकडे पातळशी भिंत आणि तिच्यामागे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट. तिकडं ड्रिल घुसलं असतं, तर आप्पांचा ब्लॉक थेट भंगारात.

नवा प्लग बसला. भोक पाडायच्या वेळी मी तिला म्हणालो, "बस समोर. आता तू बघ."

ती गुण्याच्या रेषेत डोळा लावून बसली. "जरा माझ्याकडं. बास. आता डावीकडं. तसंच धरा." ती म्हणेल तसा मी हात हलवत गेलो. माझ्याच दुकानात मी हुकमाचा ताबेदार. भोक सरळ आलं, गुण्याला कुठं फट नाही. तिचा चेहरा खुलला. माझाही खुलायला हवा होता.

शनिवारी आप्पा ब्लॉक न्यायला आले. त्यांच्यासमोर हेड स्टडांवर ठेवलं, ते आपल्या वजनानं खाली जाऊन बसलं.

"मिस्तरी, तुमच्या नजरंला तोड न्हाई," आप्पा म्हणाले. "भावाच्या ट्रॅक्टरचंबी हेच दुखणं हाय. पुढल्या आठवड्यात आणू का?"

"नजर पोरीची होती, आप्पा. माझा नुसता हात."

"मग तिलाच बसवा की परत."

"ती गेली सणसवाडीला, कामावर. तुम्ही दुसरीकडं बघा."

टेम्पोवाल्याबरोबर ब्लॉक उचलायला मी वाकलो, तर त्यांनी मला बाजूला केलं आणि स्वतः हात घातला. आप्पा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे आहेत.