खिडकीदादाचा अर्ज

खिडकीदादाच्या उजव्या अंगठ्याच्या नखात बारा महिने प्लॅस्टर असायचं. पेणजवळच्या जोह्याला त्याच्या घरचा गणपतींचा कारखाना. सकाळचं काम आटोपून तो पेणला कॉलेजात यायचा. आम्हा नव्या पोरांच्या अर्जावर फोटो चिकटवून तो अंगठ्याने दाबायचा, आणि कोपऱ्यात पांढरा ठसा उठायचा.

मी निडीहून गाडीने यायचो. पहिल्या दिवशी ऑफिसच्या पाच खिडक्यांसमोर रडकुंडीला आलो होतो. शेवटच्या वर्षाचा हा लुकडा मुलगा जवळ आला. "रोह्याकडचा ना तू? चल. खिडकीशी भांडायचं नाय. तिची सवय करायची." कोणते साहेब चहाला कधी उठतात, कुठल्या अर्जाला किती फोटो, सगळं त्याला पाठ. पिशवीत डिंकाची बाटली. आपण खिडकीपासून वळलो की एकच प्रश्न: "पोचपावती?" ती दाखवली की म्हणायचा, "आता झालास तू कॉलेजचा."

त्याच्या घरात कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. त्याला मास्तर व्हायचं होतं. "घरी प्लॅस्टर, शाळेत खडू. आपले हात काय काळे व्हायचे नाय," म्हणून हसायचा.

परीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस नेमका गणपतींच्या तोंडावर आला. कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायला त्याच्यावाचून कुणी नव्हतं. पेणच्या स्टँडवर त्याने आपला अर्ज माझ्या हाती दिला आणि त्याच एसटीने परत गेला. मी तो पुस्तकात ठेवला. खिडकीवर माझा अर्ज दिला, माझी पावती घेतली, मित्रांनी हाक मारली तसा स्टेशनकडे पळालो. घरी पुस्तक उघडलं तर त्याचा अर्ज आतच; खिडकी तर कधीच बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर कदाचित काही जमलं असतं. मी सांगितलं नाही. त्यालाच काय, आजवर कुणालाच नाही.

परीक्षेच्या यादीत नाव नाही म्हटल्यावर तो खिडकीशी भांडला. पहिल्यांदाच. क्लार्क म्हणाला, "पोच दाखव." तो माझ्याकडे वळला.

"दिलीच नाय त्यांनी," मी म्हणालो.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. माझीच चूक. पहिल्या वर्षाच्या पोराला एकट्याला पाठवलं."

त्याचं वर्ष गेलं. कारखान्याला हात हवेच होते. तो पुन्हा कॉलेजात आला नाही.

आमच्या घरचा गणपती अजून त्याच्याकडूनच येतो. डोळे तो दुसऱ्या कुणाला आखू देत नाही. यंदा मुलगी त्याच कॉलेजात शिकायला लागली, म्हणून मूर्ती आणायला तिलाही नेलं. माझ्या खिशात तो जुना अर्ज होता.

"आता सगळं मोबाइलवर व्हय गो?" त्याने मान वर न करता विचारलं. "तरी पावती जपायची. खिडकी कशी फसवते, तुझ्या बापाला इचार."

मुलगी हसली.

"दादा, त्या अर्जाचं जरा..."

"थांब. डोळा आखतोय. हात हलंल."

बऱ्याच वेळाने त्याने कुंचला खाली ठेवला.

"हां, बोल. काय म्हणत व्हतास?"

"काय नाय."

त्याने मूर्तीची पावती फाडून मुलीच्या हातात दिली. कोपऱ्यात पांढरा ठसा उठला होता.