पाठमोरा नावाडी

आश्रुबा भोई वयाने मोठे होते, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायची. सासूबाईंना ते खपत नसे. "नावाड्याला कसलं आलंय अहो?" म्हणायच्या. पण माझं माहेर गोदावरीच्या पलीकडच्या काठाला, समोर दिसणारं, आणि नदीला पाणी असलं की माहेर आणि माझ्यामध्ये आश्रुबा. अशा माणसाशी गोडीत राहिलेलं बरं, एवढी अक्कल मला होती.

आमचं गाव गंगाखेडच्या खाली, नदीकाठी. आमचे गुरुजी, म्हणजे माझे यजमान, सरकारी शाळेत शिकवत. निजामाचं राज्य, शिकवणं उर्दूतून, पण गुरुजींचा जीव मुंबईच्या मराठी पेपरात. गंगाखेडच्या स्टेशनावरून कुणीतरी शिळा अंक आणून द्यायचं आणि गुरुजी तो नावेच्या उतारावरच्या लिंबाखाली मोठ्यानं वाचत बसायचे. नाव पलीकडून येईपर्यंत खोळंबलेली माणसं ऐकायची. न ऐकून जातात कुठं!

छत्तीस सालच्या पावसाळ्यात त्यांनी बर्लिनच्या ऑलिंपिकची बातमी वाचली. जगातले सगळे देश जमले होते आणि हॉकीत आपण पहिले आलो होतो. माणसं खूश झाली. आश्रुबा नाव बांधून आले तेव्हा गुरुजींनी त्यांना मुद्दाम पुन्हा वाचून दाखवलं.

"काठीनं चेंडू हाणायचा," आश्रुबा म्हणाले. "बरं हाय. पर ह्ये काय?"

खाली एक फोटो होता. लांबट, निमुळत्या नावा आणि एकेकीत आठ-आठ गडी ओळीनं बसलेले. नावांचीही शर्यत असते हे आश्रुबांना त्या दिवशी कळलं. त्यांनी अंक हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

"ही पुढं हाय," ते एका नावेवर बोट ठेवून म्हणाले, "आन् ह्यो टोकाचा बारका एकलाच उलटा बसलाय बगा. भ्यालाय का काय?"

गुरुजी हसले. "अहो, तुम्ही शेवटच्या नावेला पहिली केलीत. तो बारका सुकाणूवाला, तोच तेवढा सुलटा बसलाय. बाकीच्यांची पाठ पुढे. पाठमोरं बसून ओढायचं, अशीच शर्यत असते."

आश्रुबांचा चेहरा उतरला. आमच्या उताराची रीत ठाऊक नसेल त्याला यातलं काही कळायचं नाही. नावाडी उभ्यानं वल्हं मारणार, तोंड पैलतीराकडे. बसून, पाठ पुढे करून वल्हं ओढायचं ते फक्त मढं पलीकडे न्यायचं असलं तर. मेलेल्याला घेऊन जाताना पैलतीराला तोंड दाखवायचं नाही, नाहीतर ते तीर आणखी एक मढं मागतं, अशी भोयांची समजूत होती. आणि इथं जगातले तालेवार देश मढं नेल्यासारखे बसून पैज जिंकत होते.

पुन्हा फोटोत डोकावून त्यांनी विचारलं, "यातली आपली नाव कंची?"

"आपली नाही. नावेच्या शर्यतीला आपण गेलोच नाही."

"गेलोच न्हाई?" आश्रुबांना ते खरं वाटेना. "गंगा हाय, येवढाल्या नद्या हायती, भोई हायती, आन् गेलोच न्हाई?"

त्या दिवसापासून आश्रुबांच्या डोक्यात एक किडा शिरला तो शिरलाच. रिकामी नाव आणायची असली की ते खाली बसायचे, दोन्ही बाजूंना दोन वल्ही दोरानं अडकवायचे आणि पाठमोरे ओढत यायचे. नाव सरळ जायची नाही, कधी बाभळीत घुसायची, कधी पार खालच्या वळणाला लागायची. गाव हसायचं. त्यांची बायको बायनाबाई तर काठावरून शिव्या द्यायची, "माझं कुंकू पुसायला निघालाय मुडदा!" पुढे नाव सरळ जायला लागली आणि चांगली पळायलाही लागली, पण माणसं भरलेली असताना त्यांना तसं बसू द्यायचं कुणी नाव काढत नसे. एकदा मी माहेरी निघाले होते. ते हळूच खाली बसले आणि वल्ह्यांना हात घातला. मी ओरडून नाव परत काठाला लावायला लावली. मी जिवंत होते आणि जिवंतच माहेरी जायचं होतं. ते वल्ही सोडून उभे राहिले. त्यांचा तो चेहरा मला आवडला नव्हता, पण मी तरी काय करणार?

चाळीस साली पुन्हा शर्यती व्हायच्या होत्या. आश्रुबांनी त्या सालाची वाट लेकीच्या लग्नासारखी पाहिली. पण विलायतेत लढाई पेटली आणि शर्यती रद्द झाल्या. चव्वेचाळीसलाही तेच. गुरुजींनी वाईट वाटून सांगितलं, तर आश्रुबा म्हणाले, "बरं झालं. आपल्या नावंला तयार व्हायला टाईम घावला." आपली नाव कुठंतरी तयार होतेय, असं ते धरूनच चालले होते. कुठं, कोण करतंय, हे विचारायचं मात्र टाळायचे. मला कधी हसू यायचं, कधी कीव.

सत्तेचाळीस साली तिकडे हिंदुस्थान मोकळा झाला, आम्ही राहिलो निजामाकडेच. गुरुजींनी तिरंगा लावला आणि पकडवॉरंट निघताच जिंतूरवरून सरहद्दीपलीकडे वाशीमला गेले. अठ्ठेचाळीसच्या श्रावणात रझाकार आमच्या घराची चौकशी करून गेले, तेव्हा मलाही निघणं भाग पडलं. स्टेशनवर पहारा. उरला आश्रुबांचा उतार, आणि नदी दुथडी भरलेली. दुपार टळलेली, कडेवर लेक, हातात एक बोचकं.

आश्रुबांनी पाण्याकडे पाहिलं. "बाई, येवढ्या पाण्यात उभं ऱ्हाऊन वल्हं बसायचं न्हाई. नाव पार खाली जाईल." मग मान खाली घालून म्हणाले, "पाठ करून बसलो तर नीट नेतो. पर तुमी म्हणाल तसं."

मी म्हटलं, "बसा."

ते बसले. माझ्याकडे तोंड, पैलतीराकडे पाठ. मी आयुष्यात नाव एवढी पळताना पाहिली नव्हती. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू, पण भीतीच्या आत काहीतरी दुसरंही होतं. ओढताना त्यांचं सगळं अंग मागे जायचं, नाव पाण्यातून उचलल्यासारखी निघायची, आणि ते मागे सुटणाऱ्या आमच्या गावाकडे एकटक बघत होते. या माणसाला मी बारा वर्षं वेडा समजत आले होते.

पलीकडे मला उतरवून ते म्हणाले, "औंदा शर्यती हायती म्हणं. राज बी आपलं झालंय तिकडं. गुरुजींना इचारा, आपली नाव गेली का. आल्यावर सांगा."

वाशीमला पोचल्यावर मी जेवायच्या आधी ते विचारलं. गुरुजींनी सांगितलं, लंडनला हॉकीत आपण इंग्रजांनाच हरवलं, आपला झेंडा चढला. आणि नावा? गुरुजींनी मान हलवली. याही वेळी आपली नाव नव्हतीच. मला रडू आलं. घर सुटलं तेव्हा नव्हतं आलं.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य संपलं. पितृपंधरवड्यात आम्ही परतलो. गुरुजी पलीकडच्या काठावर भेटणाऱ्यांच्या गराड्यात अडकले, मी पुढे निघाले. आश्रुबांनी मला नावेत घेतलं. गावच्या काठाला नाव लागल्यावर, बाकीची माणसं उतरून गेल्यावर म्हणाले, "गेली व्हती का?"

"नाही हो, आश्रुबा. गेली नाही."

ते नावेच्या काठावर बसले. केस पांढरे झाले होते. पुढच्या शर्यतीला चार वर्षं होती, त्यांच्या अंगात तेवढी नव्हती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

"एक इचारू, बाई? तुमी त्या दिशी बसल्ता म्हणून इचारतो. गेली असती, तर त्या आठात मी चाललो असतो का?"

बारा वर्षं हेच विचारायचं होतं त्यांना. नाव, देश, गंगा, सगळं त्याच्याच भोवती.

"चालला असता," मी म्हटलं. "डोळे झाकून सांगते."

आश्रुबा हसले. "बाई, तुमाला वल्ह्यातलं काय कळतंय?"

खरंच कळत नव्हतं. गुरुजींनाही कळत नव्हतं. ज्याला कळलं असतं असा माणूस आमच्या मुलखात कधी आलाच नाही, आणि आश्रुबा भोई जगात कुठं बसतात हे कुणी सांगितल्याशिवायच राहून गेलं. पलीकडून माणसं हाका मारायला लागली होती. ते उठले आणि नाव पाण्यात लोटून निघाले.