सावरबोडीचा हॉल्ट

रेल्वेची छोटी लाइन गेली आणि रुंद रुळांची मोठी आली, तेव्हा सावरबोडीला गाडी थांबावी म्हणून गावानंच श्रमदान केलं. फलाटाचा मुरूम गावकऱ्यांनी टाकला. सगळ्यात जास्त टोपल्या वाहिल्या त्या बौद्ध वस्तीतल्या सावित्रीबाईनं. तिकिटाची खिडकी कमिशनवर गावातल्याच भोजराजकडे आली. सकाळच्या गाडीनं अर्धं गाव गोंदियाला जाई. राइस मिलचे मजूर, कॉलेजच्या पोरी, शिंगाडे विकायला निघालेली सावित्रीबाई.

लॉकडाउननंतर गाड्या सुरू झाल्या, पण सावरबोडीला थांबेनात. तोवर भोजराजनं ऑटो घेतला होता. एका दुपारी रेल्वेचे साहेब पाहणीला आले. फलाटावर भोजराज एकटाच होता.

"इथं गाडी हवी आहे का लोकांना?"

"आता कोण बसते साहेब गाडीत? सारे रोडनंच जातेत," भोजराज बोलून गेला.

हॉल्ट बंदच राहिला. ऑटो भरून जाऊ लागला. मग एके दिवशी, गाडीनं कॉलेजला जाणारी सावित्रीबाईची नात नीतू त्याला धानाच्या रोवणीच्या बायांमध्ये दिसली.

"कॉलेज काऊन सोडलं वो?"

"रोजचा ऑटो झेपत नाही काका."

त्या दिवसापासून भोजराजला जेवण गोड लागेना. तरी साहेबांना काय सांगितलं ते त्यानं गावाला कळू दिलं नाही.

पुढं हॉल्टच्या मागणीसाठी गावानं गोंदियाला जायचं ठरवलं. "भोजराजलेच पुढं करा," सावित्रीबाई म्हणाली, "आपलं टेशन म्हणजे थोच." त्याला नाही म्हणता आलं नाही.

रेल्वेच्या ऑफिसात समोर नेमके पाहणीला आलेले तेच साहेब. "अहो, गाडीत कोणी बसत नाही हे तुम्हीच तर सांगितलं होतं!"

सगळ्यांच्या नजरा भोजराजकडे वळल्या. त्यानं खाली मान घातली. "खोटं बोललो साहेब. मी ऑटो घेतला होता."

परतताना त्याच्या ऑटोत कोणी बसलं नाही. सगळे बसनं आले.

काही महिन्यांनी गाडी पुन्हा थांबू लागली. खिडकीवर त्याला बसवू नका, असं काहीजण म्हणाले. सावित्रीबाईच आडवी आली. "बसू द्या थ्याले. थ्याले काम येते." भोजराजला वाटलं, माफ केलं म्हाताऱ्या बाईनं.

पहिल्या सकाळी ती टोपली घेऊन खिडकीशी आली. "गोंदिया. एक."

"मावशी, नीतूचं नाव पुन्हा घालू कॉलेजात. मी स्वतः जातो."

"नीतूचं लगन झालं," ती म्हणाली. तिकीट कनवटीला खोचून ती फलाटावर गेली. मागून दुसरा माणूस खिडकीशी आला, आणि भोजराजचा हात काही केल्या पुढच्या तिकिटाकडे जाईना.