आळणी कुर्ली

लिहिण्याचा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा एखादा शब्द चुकला तर वाचकांनी क्षमा करावी. पण आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांबद्दल एवढं बेधडक लिहितो, की प्राणी परिस्थितीशी कसे जुळवून घेतात हे जन्मभर अभ्यासणारा आणि स्वतः कशाशीही जुळवून न घेणारा असा दुसरा प्राणी माझ्या पाहण्यात नाही. तारकर्लीला आमच्या घरी ते रजा काढून राहायला आले, तेच पुळणीवर बूट-मोजे घालून. बुटात वाळू गेली की दोष वाळूचा. पिण्याचं पाणी घाटावरून बाटल्यांत भरून आणलेलं. ते संपल्यावर आमच्या विहिरीचं पाणी त्यांनी असं तोंड करून प्यायलं, की विहीरच ओशाळली असेल. सुक्या बांगड्याच्या वासाने नाकाला रुमाल, माडाखालून जाताना नारळाच्या भीतीने छत्री. "कुर्ली बघ, एवढासा खेकडा," ते मला म्हणत, "खारं पाणी सोडून गोड्या पाण्यात आली की रक्तामांसातलं रसायन बदलते आणि मुकाट्याने जगते. तुम्ही लोक कुडाळला गेलात तरी पाणी बाधलं म्हणून झोपता!" हे सांगणाऱ्याचं पोट आमच्या पेजेने बिघडलेलं असे.

पडवीत त्यांनी दोन टाक्या मांडल्या होत्या. एकीत खाडीच्या पाण्यातल्या कुर्ल्या, दुसरीत विहिरीच्या पाण्याला हळूहळू सरावलेल्या. पावसाळा संपला की दोहोंचं मांस तपासून मीठ कुठे किती उरलं ते पाहायचं. त्यावर त्यांचा प्रबंध अडला होता, आणि प्रबंधावर बढती. मी आईला हे परोपरीने समजावलं. पण पाहुणा रोज कुर्ल्यांकडे टक लावून बसतो याचा तिच्या मते एकच अर्थ होता: बिचाऱ्याला मागायची लाज वाटते.

आषाढ अमावास्येला आम्ही खाडीवरून परतलो तर टाक्या रिकाम्या आणि चुलीवर टोप रटरटत होता. "उद्यापासून श्रावण," आई म्हणाली, "महिनोभर घरात म्हावरा नाय. म्हटलां, कुर्ल्यो वाया कित्याक घालवच्यो? जेवा सर, लाजू नकात."

सरांचा चेहरा पांढरा पडला. आता घर डोक्यावर घेणार म्हणून मी भिंतीला टेकलो. ते मात्र पाटावर बसले. एक नांगी फोडली, डोळे मिटून चावली. दुसऱ्या कुर्लीची फोडली. मग तिसरी. "ह्यात मीठ बरोबर आहे," ते स्वतःशीच पुटपुटले, "आणि ही आळणी."

"एकाच टोपातलो रस्सो, आणि ह्येंका एक कुर्ली आळणी लागता!" आई आत जाऊन फणफणली.

हात धुताना सर मला म्हणाले, "टाक्यांबद्दल आईंना एक अक्षर बोललास तर नापास करीन."

पुढच्याच वर्षी त्यांची बदली देशावर झाली. तिथे खाडी कुठली? आईने मात्र कित्येक वर्षं प्रत्येक पाहुण्याला विचारलं, "मीठ बरोबर आसा मां? आमच्याकडे एक मास्तर होतो, तेका आळणी लागलां होतां!"

परवा कुडाळच्या एस्टी स्टँडवर जुना वर्गमित्र भेटला. सर गेले. प्रबंध अपुराच राहिला. घरी येऊन आईला सांगितलं. ती कुर्ल्याच साफ करत होती. हातातली कुर्ली तिने खाली ठेवली.

"माझ्याच हातान मीठ जरा कमी पडलां असतलां रे तेव्हा," ती म्हणाली.