लवूकाकांच्या टगावरची तोफ

लवूकाका खवणेकरांना आमच्या लालबागच्या चाळीत कार्याला बोलवायला लोक घाबरतात. कारण ते येतात, आणि बोलतात. मागे एका बारशाला पाळण्यात वाकून म्हणाले, "बापासारखो दिसता. बिचारो."

वय शहात्तर. गाव वेंगुर्ल्याकडचं. वडील गिरणीत होते. गिरणीच्या धुळीपेक्षा खारं पाणी बरं म्हणून हे गोदीत खलाशी झाले. एकाहत्तरच्या लढाईत ते नौदलाच्या कामावरच्या एका टगावर होते. टग म्हणजे ठेंगणी, दांडगी बोट. बंद पडलेलं किंवा मार खाल्लेलं जहाज दोर बांधून बंदरात ओढून आणायचं, हे तिचं काम. या कामाबद्दल काकांचं मत मी गॅलरीत बसून अनेकदा ऐकलंय.

"लढणारे लढले. आमी भंगार ओढला."

एका माणसाबद्दल मात्र ते असं बोलत नाहीत. गॅब्रिएल. गिरगावचा. टगावर काकांच्या जोडीला होता.

लढाईत मुंबई काळोखात होती. समुद्रावर विडी पेटवायलाही बंदी. टगाच्या मागे दोर, दोराच्या टोकाला भलंमोठं जहाज, आणि दिसत काहीच नाही. मग दोर किती ताणलाय हे कळायचं कसं? नियमाप्रमाणे ताणलेल्या दोराजवळ कोणी उभं राहायचं नाही. गॅब्रिएल दोरावर तळहात ठेवून उभा राहायचा. दोर थरथरायला लागला की ओरडायचा, "ढील!" काका टगाचा वेग कमी करायला सांगायचे. अशीच जहाजं घरी आली. सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्या साहेबांनाही.

मग एकदा दोर तुटला. तुटलेला दोर चाबकासारखा मागे येतो. गॅब्रिएल जागच्या जागी गेला.

चौकशी झाली. साहेबांनी काकांना विचारलं, तो कुठे उभा होता? काकांनी खरं सांगितलं. साहेबांनी निकाल दिला: नियम मोडला, स्वतःच्या निष्काळजीपणाने मेला. ज्या साहेबांना आणलेली जहाजं चालली, त्यांना आणणारा हात चालला नाही.

यंदा आमच्या गणेशोत्सव मंडळाने देखाव्याला विषय घेतला, सागरी युद्ध. त्यात काकांचा टग दाखवायचा आणि काकांचा सत्कार करायचा असं ठरलं. हितेंद्र मंडळाचा सरचिटणीस. जागा विकण्याचा धंदा करतो. खिडकीतून वरळीचा समुद्र दिसतो असं तो लोअर परळच्या तळमजल्याबद्दलही सांगू शकतो. निवेदन लिहायचं काम त्याने मला दिलं, कारण मी मराठीत एम.ए. आहे आणि घरी असतो.

काकांनी एकच अट घातली. गॅब्रिएलचं नाव यायला हवं, आणि त्याचा हात दोरावर होता हे यायला हवं. मी तसं लिहिलं. हितेंद्रने वाचलं.

"भारी रे ध्रुव. पण यात वॉर कुठाय?"

"हेच वॉर."

"दोरी तुटून मेला. पब्लिक काय दोरीला टाळ्या मारणार?"

पुढचं त्याने मला विचारलं नाही.

देखावा तयार झाला तेव्हा मी काकांना घेऊन गेलो. पुठ्ठ्याचा टग होता. त्यावर दोन तोफा. चहूबाजूंनी दिवे.

"ह्या काय?" काका म्हणाले.

"तुमचा टग, काका!" हितेंद्र म्हणाला.

"तोफ खय होती रे आमच्या टगार? एक स्टोव्ह होतो. तो पण भडकायचो. आणि ब्लॅकआऊटात इतके दिवे? दुश्मनाक जेवक बोलावलंस?"

हितेंद्र हसला. त्याला अपमान कळत नाही, म्हणून तो सरचिटणीस आहे. त्याने बटण दाबलं. भाड्याचा भारदस्त आवाज गरजला, "आणि तेवढ्यात... शत्रूची गोळी!" टगावरचा पुतळा छातीवर हात ठेवून मागे कोसळला. वीर गॅब्रिएल. मोटर अडकली, म्हणून तो अर्ध्यातच उठून बसला आणि पुन्हा मेला.

काकांनी तो दुसऱ्यांदा मरेपर्यंत पाहिला.

"सत्कार कधी माझो?" त्यांनी विचारलं.

"रविवारी. मोठ्या स्टेजवर."

"येतंय. माईक चालू ठेव."

रविवारी त्यांनी गिरगावहून सेसिलियाला बोलावलं. गॅब्रिएलची बायको. फुलाफुलांचा फ्रॉक, काखेत पर्स, पाठ ताठ. तिने देखावा शेवटपर्यंत पाहिला. बाहेर आल्यावर काका तिला म्हणाले, "आता बघ. वर जाऊन एकेकाची सालटी काढतो."

"काय सांगणार तू?"

"खरं. गोळीबिळी नव्हती. त्याचा हात दोरावर होता."

"ते तू एकदा सांगितलंस ना, लवू. साहेबांना. मग काय झालं?"

काका मंडपाकडे वळून बघू लागले.

"माझ्या नॅन्सीला शाळेत पोरी विचारायच्या, तुझा पप्पा वॉरमध्ये कसा गेला? ती म्हणायची, दोर लागून. पोरी हसायच्या. वाडीतले मोठे लोक पण हसायचे. तो कसा गेला ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. अजून कोणाला पाहिजे?"

"पण हे खोटं आहे, सेसिलिया."

"असू दे. छान पडतो तो."

तेवढ्यात स्टेजवरून पुकारा झाला. "आपल्या विभागाची शान, माजी सैनिक लवू खवणेकर!" काका कधीच सैनिक नव्हते. ते चढले. शाल घेतली, नारळ घेतला, आणि माईक हितेंद्रच्या हातातून ओढून घेतला. समोर माणसंच माणसं. सेसिलिया पुढच्या खुर्चीत. काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"हितेंद्र सांगता तसाच झाला," ते म्हणाले. "गोळी लागली."

टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवू शकलो नाही. हितेंद्रही क्षणभर गोंधळला. लवूकाकांनी त्याचं म्हणणं आजवर कधी मान्य केलं नव्हतं.

खाली उतरताना काकांनी शाल त्याच्या अंगावर टाकली. "पॉलिस्टर हा. मे महिन्यात कोणाचो तरी सूड घेवक बरी."

सेसिलिया उठून उभी राहिली होती.

"लवू, परत बघूया?"

देखाव्याची रांग नाक्याच्या पलीकडे गेली होती. हितेंद्र धावत आला, तुम्हाला थेट आत सोडतो म्हणाला. काकांनी त्याला हाताने बाजूला सारलं आणि सेसिलियाच्या मागे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पुढच्या माणसाने वळून विचारलं, "आजोबा, बघण्यासारखं आहे काय?"

"सगळा भिकार हा," काका म्हणाले. "गोळी लागता तो माणूस तेवढो बघ."