बोडीजवळचा आवाज

डिंपल मूळची कोंढ्याची. घरात ती एकटीच लेक, म्हणून धानाच्या चिखलणीचा ट्रॅक्टर तिच्या हाती आला आणि स्टेअरिंग मग सुटलंच नाही. लग्न होऊन आंबागडला आली तेव्हा सून ट्रॅक्टर हाकते म्हणून सासूने कपाळाला हात लावला होता. पुढे वनखात्याच्या जंगलातल्या गस्तीच्या जीपला ड्रायव्हर हवा होता, तेव्हा त्याच सासूने तिचं नाव सुचवलं.

जीप जुनी, चारही चाकं ओढणारी, वर कापडी हूड. आत वायरलेस सेट होता, पण डोंगरामागे गेलं की तो मुका व्हायचा. चौकीवरच्या भुपेंद्रला डिंपलचा आवाज जायचा नाही, तिला त्याचा यायचा नाही. वणव्याचे दिवस तोंडावर आले, तसं साहेबांनी तिला नवा अँटेना बसवायला तुमसरला धाडलं.

बाजारातल्या म्हाताऱ्या इश्वरने रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर दोन अँटेने ठेवले. बुटका उचलून म्हणाला, "हा घे पोरी. फांद्यात अडकत नाई."

"बुटकाच तर आहे आता. डोंगरामांगं काहीच आयकू येत नाई."

"मंग हा लांब घे. बुडाशी स्प्रिंग आहे. फांदी लागली का वाकते, मंग आपोआप उभा होते."

तिने लांब घेतला. जागेवरून मात्र वाद झाला. तिला तो मागच्या बंपरवर हवा होता, म्हणजे बांबूचा मार समोरून बसला नसता.

"टप लोखंडाचा असता तं मधोमध लावला असता," इश्वर म्हणाला, "चारी बाजूचं सारखं आयकू आलं असतं. तुह्या जीपले तं कापड आहे. मांगं लावशील तं समोरचं कमी येईल."

"मले समोरचंच पाहिजे. बोनेटच्या कडेले लावा मंग."

इश्वरने लोखंडी पट्टी ठोकली, आवाज किती नीट पकडला जातो ते दाखवणारा मीटर जोडला आणि काटा मनासारखा येईपर्यंत अँटेन्याचं टोक कणाकणाने कापत राहिला.

मोहफुलांचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी डिंपल एकटीच डोंगरामागे निघाली. भुपेंद्र खूश होऊन सेटवर म्हणाला, "ताई, बाजूच्या खोलीतून बोलल्यावानी येऊन राहिलं!"

नाला ओलांडला आणि सेटवर दुसराच आवाज आला. पुरुषाचा, संथ.

"बाई पडली आहे. बोडीच्या पाळीवर."

"कोण बोलते?" डिंपलने विचारलं.

"बाई पडली आहे. बोडीच्या पाळीवर." तीच वाक्यं, तोच सूर. तिचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतच नसावं.

"भुपेंद्र, आयकलं का?"

"काय आयकू ताई? तुमचाच आवाज येऊन राहिला. कोणाशी बोलून राहिल्या तुमी?"

भर उन्हात तिच्या मानेवर काटा आला. मघापासून झाडांवर किरकिरणारे किडेही गप्प झाले होते. तिने जीप वळवली, तसा आवाज बारीक झाला. पुन्हा जीपचं तोंड तिकडे फिरवलं, तसा मोठा झाला. बोडी, म्हणजे तो जंगलातला लहानसा तलाव, त्याच दिशेला होती. ती निघाली. बोडीची पाळ, म्हणजे मातीचा बांध, दिसू लागली तेव्हा दोन शब्दांमधला श्वासही ऐकू येत होता. तिने इंजिन बंद केलं आणि आवाज थांबला.

पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली गावातली मंदाबाई पडली होती. रानडुकराने मांडी फाडली होती. पदर आवळून तिने रक्त कसंबसं रोखलं होतं. टोपलीतली फुलं भोवती सांडलेली.

पाणी पिऊन ती म्हणाली, "तो कोठी गेला वं?"

"कोण?"

"गार्ड. सकाळपासून तेथी बसला होता, माह्याकडं पाठ करून. हातातल्या डब्यात एकच गोष्ट बोलून राहिला होता. म्या पाणी मांगतलं, तं त्यानं मान बी वळवली नाई."

डिंपलने तिथे पाहिलं. वाळल्या पानांचा थर होता, आणि एकही पान दबलेलं नव्हतं.

पुन्हा वळून न बघता तिने मंदाबाईला उचलून जीपमध्ये घातलं. तिने सेटवर कळवलं, तशी भुपेंद्रने रस्त्यावर ॲम्बुलन्स बोलावून ठेवली होती. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पाय वाचला, चालताना लंगडते एवढंच.

चौकीवर पाहिलं, तर सगळे हँडसेट चार्जिंगला होते. त्या दिवशी डोंगरामागे कुठल्याच गार्डची ड्युटी नव्हती. डिंपलने इश्वरलाही विचारलं. "दूरचं एखादं स्टेशन भटकत येते कधी कधी," तो म्हणाला.

"दूरच्याले आमची बोडी कशी माहीत?"

म्हाताऱ्याने हातातल्या सेटचा स्क्रू घट्ट केला. मग म्हणाला, "बाई वाचली ना? मंग कायले खोदते?"

डिंपलने खोदलं नाही. कामही सोडलं नाही. नवऱ्याने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "भेव वाटते, पण त्यानं वाईट तं काही केलं नाई."

पुढच्या मोसमात गावातलं कोणीही त्या झाडाकडे फिरकलं नाही. मोह वेचण्याआधी बायका झाडाखालचा पाचोळा झाडून घेतात, फुलं मातीवर दिसावीत म्हणून. एका सकाळी डिंपल तिथून जात होती. तिने ब्रेक दाबला.

झाडाखालची जमीन लख्ख झाडलेली होती, फांद्यांच्या घेराएवढी गोल. वर ताजी फुलं पडलेली, एकही वेचलेलं नाही. मातीत पाऊल उमटलेलं नव्हतं.

"कोण आहे?" तिने विचारलं. सेटवर नाही, झाडाकडे बघून.

टप्पकन एक फूल पडलं. बाकी काही नाही.

तिने गिअर टाकला आणि त्या झाडलेल्या मातीला चाक लागू न देता, बाहेरून लांब वळसा घेऊन जीप पुढे काढली.