दादा घरी नाही, असं मीच सांगितलं होतं

ठाण्याचा शिपाई समन्स घेऊन आमच्या दारात उभा होता, तेव्हा माझा भाऊ मागच्या गोठ्यात गुरांच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगामागे दडून बसला होता.

"कुठी गेला तुहा भाऊ?"

"दादा घरी नाही," मी म्हणाले.

हे आधीच लिहून टाकते. पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की ही बाई स्वतः धुतल्या तांदळासारखी होती. मी पत्रकं लिहिते. बायकांच्या संघटनेत आल्यापासून तेच शिकले. एका पानात मावलं पाहिजे, आणि आठवडी बाजारात भाजीची पिशवी सांभाळणाऱ्या बाईला उभ्या उभ्या कळलं पाहिजे. माझ्याच एका पत्रकात ठळक अक्षरात होतं: समन्स घ्यायचं टाळलं म्हणून खटला थांबत नाही. त्या पत्रकाचा गठ्ठा आत कपाटावर होता आणि मी उंबऱ्यावर उभी राहून खोटं बोलत होते.

कारण घरात वेगळंच शास्त्र चालायचं. कागद हातात घेतला नाही तं केस लागत नाही. आमच्या संग्रामपूरकडच्या गावात हे शास्त्र म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ. अमक्यानं दोन वर्षं शिपायाला कसं फिरवलं, तमका विहिरीत उतरून कसा बसला, हे पारावर शौर्य म्हणून सांगतात. शिपाई तीनदा आला. चौथ्यांदा त्यानं शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या आणि कागद दारावर चिकटवून गेला. मायनं त्यावर तांब्यानं पाणी मारलं आणि उलथण्यानं तो खरवडून काढला.

"गेला कागद," ती म्हणाली. "आता काय करतीन?"

खटला वहिनीचा होता. दादा हार्वेस्टरवर ऑपरेटर, वर्षातले पाच-सहा महिने बाहेर. बाबा गेल्यापासून घरात शब्द मायचा. मुलगी झाली तेव्हापासून तो शब्द वहिनीला टोचायला लागला, आणि दादा घरी असला तरी मोबाइलमधून मान वर काढायचा नाही. दोन वर्षांपूर्वी वहिनी पोरीला काखेत घेऊन माहेरी, वडनेर भोलजीला निघून गेली. तिनं अर्जात लिहिलं होतं: मला स्वतःला काही नको, मुलीची खावटी, म्हणजे पोटगी, द्या. एवढंच. मुलगी आता चार वर्षांची आहे.

तारखांना आमच्याकडून कोणी गेलं नाही. मग व्हायचं तेच झालं. एकतर्फी हुकूम झाला. वसुलीची भाषा निघाली तेव्हा दादा मला मोटरसायकलवर घालून नांदुऱ्याला वकिलाकडे घेऊन गेला. घरात कायद्याचा कागद वाचता येणारी मीच.

वकील वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण पत्रकात मी त्याला राक्षस केला असता. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, समोर पाच-सहा पक्षकार, दर दोन मिनिटांनी फोन. त्यानं हुकूम उलटसुलट वाचला.

"तीन महिन्यांच्या आत आहात. हुकूम उठवायचा अर्ज करता येईल. समन्स पोचलंच नाही म्हणू." मग पेनचं टोपण लावत, पाणी मागावं तसं त्यानं विचारलं, "मुलगी तुमची आहे कशावरून?"

दादा उभाच राहिला. "काय बोलून राह्यले तुमी वकीलसाहेब?"

"बसा हो. मी म्हणत नाही. कोर्टात म्हणू. डीएनए तपासणी मागू. बाई घाबरते, तडजोडीवर येते. पुष्कळदा तपासणीपर्यंत जावंच लागत नाही."

"आणि ती पोरगी?" मी विचारलं.

"तिला काय कळतंय चार वर्षांची." त्यानं मला समजावून सांगितलं. लग्न टिकून असताना झालेलं मूल कायदा नवऱ्याचंच धरतो. ते मोडायचं असेल तर त्या काळात नवरा-बायकोची भेटच होऊ शकत नव्हती, हे दाखवावं लागतं. "मुलगी डिसेंबर अखेरची. म्हणजे मार्च-एप्रिल. कुठे होता तेव्हा?"

"मशीनवर," दादा म्हणाला. "गव्हाचा हंगाम. मध्य प्रदेशात."

"मग जमलं," वकील म्हणाला आणि पुढच्या पक्षकाराकडे वळला.

पूर्णेच्या पुलावर दादानं गाडी थांबवली. कठड्यावरून खाली थुंकला. "लुच्चा आहे साला. माह्या पोरीले असं म्हणते?" मला बरं वाटलं. मला वाटलं, विषय तिथंच पाण्यात गेला.

नाही गेला. त्या खोलीत जायच्या आधी आमच्या घरात, गावात, अगदी वहिनीशी कडाक्याची भांडणं झाली तेव्हासुद्धा, हे वाक्य कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं. ते एका माणसानं कामाच्या घाईत उच्चारलं आणि आम्ही ते घरी घेऊन आलो.

दुसऱ्या आठवड्यात मी धुणं वाळत घालत होते, दादा मागं येऊन उभा राहिला.

"पोरगी कोणत्या महिन्यात झाली व?"

"तुले माहीत नाही?"

"माहीत आहे. पण दिवस पुरे होते का कमी, असं म्हणतो."

"पुरे होते. काऊन?"

"काही नाही," म्हणाला आणि बोटांची पेरं मोजत गोठ्याकडे गेला. मग मला तो मोबाइलमधले पोरीचे फोटो मोठे करून बघताना दिसला. पूर्वीही बघायचा. पण आता दोन बोटांनी चेहरा ताणायचा, नाक बघायचा, सोडून द्यायचा, पुन्हा ताणायचा. वाण्यानं नोट उजेडाकडे धरावी तसं.

माय तुरी निवडत होती. म्हणाली, "आपल्या घरात इतकं गोरं कोणीच नाही."

"माय, तूच म्हणत होती ना, तुह्या मायवर गेली म्हणून?"

"म्हणाली असीन. तेव्हा काय माहीत होतं?"

"आणि आता काय माहीत झालं?"

तिनं एक खडा वेचून अंगणात फेकला. नवीन काहीच माहीत झालेलं नव्हतं. ना कोणी काही पाहिलं, ना ऐकलं. फक्त प्रश्न घरात येऊन बसला होता, आणि माझी माय त्याला पाहुण्यासारखं जेवू घालत होती.

पुढच्या फेरीला वकिलानं माझ्यासमोर टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र ठेवलं. माझ्या नावाचं. "तुमच्या शब्दाला वजन आहे ताई. बायकांची बाजू घेणारी मुलगी, आणि तीच स्वतःच्या वहिनीविरुद्ध बोलते म्हटल्यावर समोरच्या बाजूकडे काय उरतं?"

माझ्या कामाचं हे मोल मला तोवर कळलं नव्हतं. इतकी वर्षं उन्हातान्हात पत्रकं वाटून जो विश्वास कमावला, तो नेमका कशाला उपयोगी पडणार होता, बघा.

मी वाचलं. शिपाई आला त्या प्रत्येक वेळी माझा भाऊ खरोखर बाहेरगावी होता. मार्च ते मे तो एकदाही घरी आला नाही. आणि तिसरं: सदर मुलीस आमच्या कुटुंबानं कधीही स्वीकारलं नाही, तिच्या बारशासही आमच्याकडून कोणी गेलं नाही.

पहिलं खोटं मी आधीच बोलून बसले होते. दुसरं खोटं आहे हे आमच्या तिघांनाही माहीत होतं. एप्रिलमध्ये मशीनचा पट्टा तुटला, नवा घ्यायला दादा आला आणि तीन दिवस राहिला. खामगावहून येताना कूलर घेऊन आला, वहिनीला खोलीत उकडतं म्हणून. मायनं त्या कूलरवरून दोन दिवस तोंड वाजवलं होतं. पण तिसरं मी पुन्हा वाचलं. बारशाला आमच्याकडून मी गेले होते. आत्या म्हणून वडनेरच्या त्या ओसरीत पाळण्यावर वाकून पोरीच्या कानात नाव मी सांगितलं, आणि बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की मी पाळण्यावरच पडणार होते. नाव मी निवडलं. ते इथं लिहीत नाही. आधीच बऱ्याच कागदांवर गेलंय ते.

"हे तिसरं कोणी सांगतलं?" मी दादाला विचारलं.

"मायनं."

मी सही केली नाही. पण फाडलंही नाही, हेही खरं. घडी करून घरी आणलं. चार दिवस ते माझ्या पिशवीत होतं. माय रोज नवं काही म्हणायची. "वॉरंट निघालं तं भाऊ आत जाईन, चालते तुले?" "तुह्या लग्नाले कोण उभं राहीन, ते मोर्चेवाले?" "एका सहीनं काय झिजते?" चौथ्या दिवशी तिनं माझं ताटच वाढलं नाही. दादानं ते पाहिलं आणि जेवत राहिला. त्या जेवत राहण्यानं माझं ठरलं, असं मी लोकांना सांगते. खरं तर त्या दिवशी मला नुसती भीती वाटली, की हा माणूस आता काहीही मान्य करील.

तारखेला मी एकटी एसटीनं नांदुऱ्याला गेले आणि वहिनीच्या वकीलबाईंना जे होतं ते सांगितलं. गोठा, कुटार, पट्टा, कूलर, बारसं. त्यांनी लिहून घेतलं, मी शपथेवर सही केली. बाहेर कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दादानं मला गाठलं. चार लोकांत म्हणाला, "हे माही बहीण नाही."

वहिनी तीन पावलांवर उभी होती. दोन वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आताही तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, वकीलबाईंना म्हणाली, "मॅडम, मंग या दोघाइचीबी तपासणी लावा. एकाच खर्चात होईन."

चहावाला हसला. दोन पक्षकार हसले. दादा हसला नाही. तो माझ्याकडे असा बघत होता की मी पिशवी छातीशी धरली.

दादानं शेवटी डीएनए तपासणीचा अर्ज टाकला होता, त्यावर वहिनीनं आठ दिवसांत म्हणणं द्यायचं होतं: तपासणीला तिची तयारी आहे की विरोध. विरोध कर, हे सांगायला मी वडनेरला गेले. माझं भाषण तयार होतं. कायद्यानं बाप ठरलेला असताना बाईनं पुरावा का द्यायचा? आज तू हो म्हणालीस तर उद्या खावटी मागणाऱ्या प्रत्येक बाईसमोर हीच सुई धरतील. नवऱ्याला पैसे चुकवायचेत आणि रक्त पोरीनं का द्यायचं? यातला एकही शब्द मी आजही मागं घेत नाही.

वहिनी कपाशीतून आली होती, ओट्यावर बसून पायाचा चिखल खरडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"झालं ताई?"

"हो."

"बरोबर आहे तुमचं. पण ते बरोबर तुमच्यापाशी ठेवा. इथं पिठाच्या गिरणीवर बाया पोरीकडं पाह्यतात अन् मंग एकमेकीकडं पाह्यतात. कोर्टानं तपासणी नको म्हटलं तं म्हणतीन, पाहा, तपासणीले भेली. मी हो म्हणून देते. टोचू द्या एकदा."

"वहिनी, तपासणीची काही गरज नाही. आम्हाला माहीत आहे."

"तुमाले माहीत आहे?"

"हो."

पोरगी तेव्हा ओसरीच्या पायरीवर बसून बाटलीच्या झाकणांची रांग लावत होती. एक वाकडं झालं की सगळी मोडायची, पुन्हा लावायची. कपाळावर आठी. खालचा ओठ दातात धरलेला. मी बघत होते. दादा पाना फिरवताना ओठ असाच धरतो का? डावा धरतो की उजवा? भुवया कोणाच्या? आमच्यात भुवया मध्ये जुळतात, हिच्या जुळत नाहीत. बोटं? बोटं लांब आहेत, आमच्यात कोणाची…

"काय पाहून राह्यल्या ताई?"

मी दचकले. वहिनीचे चिखलाचे हात तसेच थांबले होते. ती रागावलेली नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं.

"काही नाही. मोठी झाली, म्हणून."

"हाव," ती म्हणाली. "गिरणीवरच्याबी असंच म्हणतात."

मी शपथेवर सही केली होती, भावाला तोडलं होतं, घरात माझं ताट बंद झालं होतं. हे सगळं तिला माहीत होतं, आणि त्यातलं एकही त्या घडीला कामाचं नव्हतं. तिनं उठून पोरीला उचललं. झाकणं पायरीवरून घरंगळली, पोरगी रडायला लागली. वहिनीनं तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं, मला दिसणार नाही असं.

"जा ताई," ती म्हणाली. "तुमची बस निघून जाईन."

बसला अजून पाऊण तास होता. मी उठले.